कुंपण नसलेल्या मसाई मारात

ऑगस्टमध्ये आम्ही चौघं केनियात मसाई मारा अभयारण्याला जाऊन आलो: मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. तिथे फसलो. पाकीट मारलं गेलं नाही, खोटं तिकीटही कुणी दिलं नाही, म्हणूनच सविस्तर सांगते.

नैरोबीच्या एका एजंटाशी व्हॉट्सॲपवर ठरवलं होतं. तीन दिवस, दोन रात्री, तीन जंगलफेऱ्या, 'पार्क फी धरून'. इतरांपेक्षा बराच स्वस्त होता. वर मी आणखी घासाघीस केली आणि तो लगेच कबूल झाला. तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं.

नारोक शहरावरून दुपारी कॅम्पवर पोहोचलो, चारला फेरीला निघालो. झेब्रे, जिराफ, हरणांचे कळप. ड्रायव्हर 'पुंडा मिलिया', 'त्विगा' अशी स्वाहिली नावं शिकवत होता. मधेच गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आल्या, मागे काठी घेतलेला मसाई जमातीचा पोरगा. माणूस आणि जनावर कसे एकत्र नांदतात, असं म्हणत मी फोटो काढले. अभयारण्यात गुरं चारायला बंदी असते हे तेव्हा माहीत असतं तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी सेकेनानी गेट लागलं. अडसर, रेंजर, कागद तपासणं. नणंद म्हणाली, "अगं, काल असं काहीच नव्हतं." ड्रायव्हर म्हणाला, काल दुसऱ्या गेटने गेलो होतो. दिवसभर मारा नदीवर बसलो. विल्डबीस्ट (मोठी हरणं) नदी ओलांडताना बघायची होती, पण ती काठापर्यंत आली आणि परत फिरली. त्यात कुणाचा दोष नाही.

रात्री जेवताना नैरोबीच्या एका गुजराती कुटुंबाने उलगडा केला. अभयारण्याला कुंपणच नाही. प्राणी बाहेरच्या चराऊ जमिनीवरही फिरतात आणि नवख्याला आतलं-बाहेरचं कळत नाही. परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर फी, तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. म्हणजे तीन दिवसांच्या सहलीत आत फिरायचं तर माणशी 600 डॉलर. आमच्यासाठी एजंटाने एकाच दिवसाचे भरले होते; पहिल्या दिवशी आम्ही बाहेरच फिरलो होतो. चौघांच्या एका दिवसाचे 800 डॉलर, जवळपास 70 हजार रुपये. ते दोनदा वाचवले.

एजंटाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, 'पार्क फी धरून' लिहिलंय, किती दिवसांची ते कुठे लिहिलंय? मेसेज पुन्हा वाचला. खरंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नदीवर जायचं तर स्वतःचे 800 डॉलर भरा, म्हणाला. आम्ही गेलो नाही. सकाळी त्याच बाहेरच्या गवतावर फिरलो, त्याच गाई भेटल्या. फोटो काढले नाहीत.

कुणी जाणार असाल तर प्रत्येक तारखेची किती तिकिटं, कोणत्या गेटने, हे पैसे पाठवायच्या आधी लेखी घ्या आणि आत शिरताना रोजची पावती मागून बघा. जानेवारी ते जूनमध्ये फी निम्मी, 100 डॉलर असते. दर बघताना महिनाही बघा. आणि पैसे कंपनीच्या खात्यावरच टाका. आम्ही एका माणसाच्या खात्यावर टाकले होते, त्यामुळे तक्रार कुणाविरुद्ध करायची इथपासूनच प्रश्न.

परतावा मागितला तर पुढच्या सहलीला दहा टक्के सूट देतो म्हणाला. मला वाटतं, आणखी ताणलं असतं तर पंधरा दिली असती.