ट्रॉम्सोचं पोलर म्युझियम: अमुंडसेन बघाच, पण जायचं वान्नीसाठी

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला बहुतेक लोक नॉर्दर्न लाइट्स बघायला जातात, आणि ते दिसणार रात्री, म्हणजे दिवस सगळा मोकळा आणि बाहेर फिरावं तर थंडी. तेव्हा बंदरावरचं पोलर म्युझियम लिस्टमध्ये टाका. आधीच सांगते, पोलारिया वेगळं आणि हे वेगळं, नावावरून लोक गडबडतात. पोलारियात जिवंत सील वगैरे आहेत, मुलांना घेऊन जायला मस्त. हे म्हणजे 1830 च्या दशकातलं कस्टमचं जुनं लाकडी गोदाम, आणि खरं सांगायचं तर इमारत बघायलाच अर्धे पैसे वसूल होतात.

म्युझियम सुरू झालं 1978 मध्ये. त्याच्या 50 वर्षं आधी, जून 1928 ला, अमुंडसेन, म्हणजे दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला नॉर्वेजियन, उत्तर ध्रुवाकडे हवाई जहाजाने गेलेल्या आणि अपघातात अडकलेल्या नोबिले या इटालियनाला शोधायला ट्रॉम्सोहूनच विमानाने निघाला आणि परत आलाच नाही, तो धागा पकडून. त्यामुळे अमुंडसेन इथे असणारच, नान्सेन हा दुसरा नॉर्वेजियन ध्रुवसंशोधकही आहे, नीट मांडलंय, बघा. पण ते दोघं नॉर्वेत जाल तिथे भेटतात हो. ओस्लोला तर त्या दोघांच्या मोहिमांचं अख्खं फ्राम जहाज इमारतीच्या आत आहे, वर चढून फिरता येतं. इथे वेळ घालवायचा तो वान्नी वोल्डस्टाडच्या भागात.

ही बाई 1893 ची. ट्रॉम्सोत टॅक्सी चालवायची, त्या काळात! अँडर्स सेटरडाल नावाच्या शिकाऱ्याशी ओळख झाली आणि 1932 मध्ये त्याच्यासोबत थेट स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बेटांवर गेली, तिथल्या हॉर्नसुंड भागात. बायका त्याआधीही तिथे हिवाळा काढून आल्या होत्या, पण नवऱ्याबरोबर, घर सांभाळायला. ही गेली ती शिकारी म्हणून. सापळे लावणं, फेऱ्या मारून ते तपासणं, सोलणं, कातडी ताणून वाळवणं, सगळं स्वतः. 1937 पर्यंत तिने तिथे पाच हिवाळे काढले आणि पुढे मुलंही तिच्यासोबत आली.

आता हिवाळाच का, तर कोल्ह्याची फर तेव्हाच दाट असते, आणि भाव त्याच फरला. म्हणून शिकाऱ्यांना तिथे राहायला लागायचं ते नेमकं सगळ्यात वाईट दिवसात. हॉर्नसुंड 77 अंश उत्तरेला आहे, ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. त्या अंधारात एका झोपडीहून दुसऱ्या झोपडीपर्यंत सापळ्यांची लाईन तपासत फिरायचं, बर्फावर, अस्वलांच्या इलाख्यात. कोल्ह्याचा सापळा म्हणजे लाकडी चौकट आणि तिच्यावर दगडांचं वजन, आमिषाला तोंड लावलं की चौकट खाली पडते, कोल्हा जागेवर मरतो आणि फरला भोक पडत नाही. हे समजलं की वान्नीचं काम किती मोजूनमापून करायचं होतं ते कळतं, नुसती धाडसाची गोष्ट राहत नाही.

मला हे सगळं आवडलं ते यासाठीच. ध्रुवावर गेलेल्या बायका म्हटलं की आपल्याला आठवतात पहिली कोण, किती दिवसात कोण. 1994 मध्ये लिव आर्नेसेन एकटी स्कीवर 50 दिवसांत दक्षिण ध्रुवाला पोचली, जबरदस्त आहे ते, काहीच वाद नाही. पण वान्नीला कुठे पोचायचंच नव्हतं. तिला घर चालवायचं होतं. झेंडा नाही, स्वागत नाही, वसंतात माल किती निघाला तोच काय तो हिशोब. ध्रुवीय इतिहासात अशी माणसं खूप होती, फक्त त्यांचे पुतळे झाले नाहीत, गावात अमुंडसेनचा मात्र आहे.

एक मात्र सांगायलाच हवं. तिच्या नावावर 77 पांढरी अस्वलं आहेत. आणि हेन्री रुडी म्हणून दुसरा शिकारी आहे त्याची तर सातशेच्या वर, त्याचीही माहिती इथेच आहे. अस्वलं मारायचा जो सापळा वापरायचे तो बघून मला थोडा वेळ बाजूला जाऊन उभं राहावं लागलं. लाकडी खोक्यात बंदूक बसवलेली, ट्रिगरची दोरी आमिषाला बांधलेली, अस्वलाने आमिष ओढलं की गोळी सरळ डोक्यात, माणसाने तिथे असायचीही गरज नाही. पिल्लांची आई मेली तर पिल्लं मागे राहायची ती राहायचीच. स्वालबार्डवर पांढऱ्या अस्वलाला संरक्षण मिळालं ते थेट 1973 ला. काही लोक म्हणतील की त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नका, ठीक आहे, पण म्हणून वान्नीला निसर्गप्रेमी वगैरे करून टाकायची पण गरज नाही. ती शिकारी होती, उत्तम शिकारी होती, आणि तेच तिचं काम होतं. दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात ठेवून फिरा, म्युझियम जास्त आवडेल.

त्यामुळे लहान मुलं आणि प्राण्यांच्या बाबतीत हळवी माणसं बरोबर असतील तर आधीच कल्पना द्या. पेंढा भरलेले प्राणी, सीलची शिकार कशी व्हायची त्याचे देखावे, सगळं उघड आहे.

वेळ दीड-दोन तास पुरतो, वाचणारे असाल तर अजून थोडा. सेंटरपासून चालत जाता येतं, टॅक्सी करू नका, नॉर्वेत टॅक्सीचं मीटर बघवत नाही. उघडण्याच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात त्या निघण्याआधी चेक करा. आणि आत गेल्यावर शक्यतो अमुंडसेनच्या खोल्या शेवटी ठेवा, नाहीतर बहुतेक लोक तिथेच दमतात आणि वान्नीसमोरून फोटो काढत निघून जातात.

पाचपैकी साडेचार.