पेन कटर + मॅट सेट : ५ महिने वापरून, एक पावसाळा काढून

मे मध्ये ३४९ ला घेतलेला हा सेट (पेनासारखा धरायचा कटर आणि कापताना कागदाखाली ठेवायची मॅट), रविवारच्या चित्रकला क्लाससाठी. तेव्हा ४ स्टार दिलेले, जुलैत चिडून १ केला, आता ३ करतेय, का ते सांगते.

आमचं घर वेंगुर्ल्यात, समुद्र चालत ५ मिनिटं. क्लासला काम होतं एकाच काळ्या कागदातून अख्खं चित्र कापायचं, वरून काही चिकटवायचं नाही, म्हणजे प्रत्येक आकार कुठेतरी कागदाला धरूनच राहिला पाहिजे, एक जोड तुटला की तो भाग गळून पडतो. मी बंदर घेतलं, दोन होड्या आणि वर वाकलेला माड. आतली बारीक भोकं आधी, बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, वळणावर हात न वळवता कागद फिरवायचा, जोर लावून एकदा कापण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा. या सगळ्याला कटर छान चालला. पकड मस्त, बोटं दुखत नाहीत.

जुलैत झावळ्या कापायला घेतल्या. एकेक काप जेमतेम २ मिमी. पाकिटातलं नवीन ब्लेड काढलं तर टोकावर तांबूस ठिपके. न वापरलेलं ब्लेड! लावलं तर कापायच्या ऐवजी कागद ओढतंय, कडेला लव सुटतेय, आणि तिसऱ्या कापाला झावळी मुळातून फाटली. तीन आठवड्यांचं काम. मग सगळी काढून बघितली, १० पैकी ७ गंजलेली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे परत करायची मुदत ७ दिवसांची आणि ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. अहो पण ब्लेडं तुम्हीच पुठ्ठ्याच्या कार्डात खोचून पातळ प्लास्टिकमध्ये पाठवलीत, तेलाचा हात नाही, पुठ्ठा ओल धरतो आणि तीच ओल दिवसरात्र ब्लेडला. मला पैशापेक्षा याचाच राग जास्त आला.

नंतर क्लासमधल्या एका ताईंचं महागडं ब्लेड बघितलं, तेही गंजलेलंच, फक्त उशिरा. कार्बन स्टीलला धार चांगली येते पण गंज पटकन चढतो, त्यात आपली खारी हवा. म्हणजे स्टील वाईट नाहीये, तेवढं मी मागे घेते. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कागदही सादळलेला होता, पापडासारखा मऊ, त्याला कोणतंही ब्लेड ओढणारच. आता कागद गादीखाली वर्तमानपत्रात ठेवते.

उरलेल्या ३ ब्लेडांना शिलाई मशीनचं तेल लावून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवलीत, सोबत चपलांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. ऑगस्टपासून एक ठिपका नाही. फक्त ब्लेड कटरला लावायच्या आधी त्यावरचं तेल चिंधीने नीट पुसा, नाहीतर कागदावर डाग पडतो, माझा एक गेला. माड परत पहिल्यापासून कापला, सगळ्या झावळ्या शाबूत आहेत.

मॅट उत्तम, चिरा दिसेनाशा होतात. खिडकीपाशी उन्हात उभी ठेवली तर कोपरा वळतो, आडवीच ठेवा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी जास्त ब्लेडं एकदम घेऊ नका, ५ चं पाकीट घ्या आणि आल्या दिवशी उघडून तेल लावा, मुदत संपायच्या आत बघूनही होतं. कार्डाऐवजी साधी बंद डबी दिली तर चौथा स्टार मी लगेच परत देईन.