ग्रामपंचायतीचा ऑनलाइन उमेदवारी अर्ज: पुन्हा उभं राहणाऱ्यांच्या नजरेतून

राज्य निवडणूक आयोगाचा हा अर्ज लिहून घेण्याचं काम चोख करतो, तपासण्याचं मात्र करत नाही. पाच वर्षं सदस्य किंवा सरपंच राहून पुन्हा उभं राहणाऱ्यानं हे आधी ध्यानात घ्यावं, कारण अर्जांच्या छाननीला विरोधक त्याच्या कारकिर्दीचं जुनं दप्तर घेऊन येतात.

भरणं सोपं आहे. नोंदणी करून तालुका, ग्रामपंचायत, प्रभाग आणि जागेचं आरक्षण निवडायचं, मतदार यादीतला अनुक्रमांक टाकायचा, घोषणापत्रात अपत्यं, मालमत्ता, देणी, गुन्हे लिहायचे. रकाना कोरा सोडू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. पुढे प्रिंट काढून, सही करून ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात मुदतीत द्यावीच लागते. नुसतं ऑनलाइन भरून अर्ज दाखल होत नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो.

शेवटच्या दिवसावर विसंबू नका. डिसेंबर 2020 मध्ये सर्व्हर इतका मंदावला की आयोगाला 30 तारखेला कागदी अर्ज घ्यावे लागले आणि वेळही वाढवावी लागली. अशी सवलत दर वेळी मिळेल असं धरून चालू नये. सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळीच्या डोंगरातल्या गावांनी तर तालुक्याच्या गावी येऊन पहिल्या दोन दिवसांतच भरून घ्यावा.

नावाचा घोळ सर्वांत जास्त महिला उमेदवारांचा होतो. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार यादीत सासरचं नाव. संकेतस्थळ दोन्ही निमूटपणे स्वीकारतं, हरकत येते ती छाननीच्या टेबलावर. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत सोबत जोडाच.

आता जुनं दप्तर. घरपट्टी, पाणीपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून 3 महिन्यांत भरणा झाला नसेल तर अपात्रता येते, आणि एकत्र कुटुंबातल्या दुसऱ्याची थकबाकीही उमेदवाराला भोवते. पावतीवरची तारीख म्हणूनच पाहा, नुसता 'बाकी नाही' दाखला पुरत नाही. पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत आर्थिक हितसंबंध असेल तर तीही अडचण. सरकारी जागेवरचं अतिक्रमण वडिलांनी केलेलं असलं, तरी तिथं राहणारा सदस्यही त्यामुळे अपात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं. कारकिर्दीत तिसरं अपत्य झालं असेल तर 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं नकोत ही अट आडवी येते. मागच्या निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब दिल्याची पोच हाताशी ठेवा. हे सगळं अर्जाच्या पहिल्याच पानावर यादी म्हणून दिसायला हवं होतं. ही उणीव खरोखर मोठी आहे, चांगलं काम केलेली माणसं एका पावतीपायी बाद होऊ नयेत.

खर्च नोंदवायचं 'ट्रू व्होटर' ॲप मात्र कामाचं आहे, रोजच्या रोज भरलं तर. 2022 मध्ये 7 ते 9 सदस्यांच्या पंचायतीत सदस्याला 25,000 आणि थेट लोकांतून निवडल्या जाणाऱ्या सरपंचाला 50,000 रुपयांची खर्चमर्यादा होती. मंडप, रिक्षा, चहा, छपाई यांची बिलं निवडणुकीच्या वेगळ्या बँक खात्यातून द्या. निकालापासून 30 दिवसांत हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यानंही. चुकलं तर 5 वर्षांपर्यंत अपात्रता.