अटारीची सीएक्स-४० जॉयस्टिक, तीन उन्हाळे वापरून

आधीच सांगून टाकतो, जुन्या गेमची जॉयस्टिक घ्यायची म्हटलं की सगळे विचारतात सगळ्यात भारी कुठली, मी पण वर्षभर तेच विचारत बसलो होतो, पण आता माझं मत असं झालंय की नागपुरात राहून घ्यायची असेल तर भारी-बिरी सोडा, आधी उलटी करून बघा खाली स्क्रू आहेत का. स्क्रू असले तर घ्या.

माझ्याकडे अटारी २६०० आहे, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं जुनं गेम मशीन, मामा मस्कतला होते तेव्हा त्यांनी आणलेली, सोबत दोन काळ्या जॉयस्टिक, एक दांडा आणि डाव्या कोपऱ्यात एक लाल बटण, बस. यालाच सीएक्स-४० म्हणतात. अटारी १९७७ला आली तेव्हा सोबत सीएक्स-१० नावाची जरा वेगळी होती, आतमध्ये स्प्रिंगा वगैरे, पण १९७८पासून ही स्वस्तातली सीएक्स-४० आली आणि लोकांना अटारी म्हटलं की हीच आठवते. आमच्या दोन्ही जॉयस्टिक कितीतरी वर्षं सज्ज्यावर पडून होत्या, वर टिनाचं छप्पर, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा टिनाखाली काय होत असेल ते सांगायची गरज नाही. तीन वर्षांपूर्वी खाली काढल्या तर एकीचं डावीकडे जाणंच बंद आणि दुसरीचं फायर बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं.

घेऊन गेलो बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात. मोदी नंबर दोन-तीनच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, जो तो म्हणे "भाऊ, हे कुठून उचलून आणलं, हे तं आता भेटतच नाही, नवीन घेऊन टाका ना." एका दुकानदारानं गेमचा नवा पॅड दाखवला, पिवळ्या कॅसेटवाल्या गेमचा, आणि म्हणे हा पण नऊ भोकांचाच प्लग आहे, अटारीला चालते. मी पण बावळट, घेतला. घरी येऊन लावला तर प्लग अगदी मापात बसला पण गेममधलं विमान काही हलेना. नंतर कळलं की प्लगचा आकारच फक्त सारखा असतो. अटारीच्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक दिशेला स्वतःची वायर असते, दांडा डावीकडे झुकवला की डावीकडची वायर ग्राउंडला (सगळ्यांच्या सामाईक वायरला) टेकते, संपला विषय. त्या पॅडमध्ये मात्र एक चिप असते, ती सगळ्या बटणांची माहिती एकाच वायरवरून एकामागोमाग एक पाठवते, निन्टेन्डोच्या जुन्या पॅडसारखी. अटारीला ते काही कळत नाही, आणि पिनांची कामं वेगळी असल्यामुळे उगाच लावून बघणं पण बरोबर नाही, माझं मशीन वाचलं हे नशीब. पॅड परत द्यायला गेलो तर दुकानदार ओळखच दाखवेना.

मग घरीच उघडली. आणि इथं मला जॉयस्टिकच्या प्रेमातच पडायला झालं. खाली चार स्क्रू, साधा पेचकस पुरतो. आत छोटी पीसीबी (सर्किटची पट्टी) आणि तिच्यावर पाच पातळ धातूचे घुमट, चार दिशांचे चार आणि बटणाचा एक, वरून चिकटपट्टीसारखी पारदर्शक फीत. दांड्याखालचा पांढरा प्लास्टिकचा भाग झुकतो, घुमटाला दाबतो, घुमट टक् करून बसतो आणि सर्किट जुडतं. दुसरं काही नाहीच. सहा वायरी पण सोल्डर केलेल्या नाहीत, टोकाला क्लिप आहे, चिमट्यानं ओढली की निघते (आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मी नाही काढला आणि अर्धा तास वर म्हणजे खाली असं खेळत बसलो).

माझ्यात झालं असं होतं की उष्णतेनं त्या फितीचा गोंद पाझरून घुमटाखाली गेला होता. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेतल्या, घुमट उचलून खालची जागा पुसली, काडी पूर्ण तपकिरी झाली, तिसऱ्या काडीला पांढरी निघाली. नवीन फीत लावली, मल्टीमीटर लावून (सर्किट जुडलं की तो वाजतो) डावीकडे झुकवलं तर पीं. तो पीं ऐकून जो आनंद झाला तो दहावीच्या रिझल्टला पण झाला नव्हता.

आता खराब बाजू. हिचा दांडा कडक आहे, अर्धा तास खेळलं की अंगठ्याखालचा तळवा दुखून येतो, तिरपं जायचं असेल तर कधी लागतं कधी नाही. आणि तो पांढरा भाग, तो तुटतोच. अटारीवर १९८३चा डेकॅथलॉन नावाचा गेम आहे ॲक्टिव्हिजनचा, त्यात पळायचं म्हणजे दांडा जोरात डावा-उजवा हलवायचा, आमच्या घरी दोन भावांनी एका दुपारी खेळला आणि कट् असा आवाज आला. तो भाग सुटा मिळतो ऑनलाईन, पण यायला वेळ लागतो, म्हणून मी दोन जास्तीचे मागवून ठेवले. तो गेम आता घरात बंद आहे.

दुसरा त्रास नागपुरी आहे, कूलर. टीव्हीसमोर बसून खेळायचं आणि बाजूला कूलर, त्याची ओली हवा सरळ हातावर, दुसऱ्या उन्हाळ्यात उघडली तर क्लिपांवर हिरवट थर. खेळून झाल्यावर डब्यात ठेवायला लागलो तेव्हापासून बरं आहे. वायर दांड्याला गुंडाळायची नाही, सगळे तेच करतात आणि वायर बरोबर बुडाशी आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही. सैल वेटोळं करून ठेवा. गंज काढायचा स्प्रे असतो ना प्रत्येक घरात, तो चुकूनही मारू नका, त्याचं तेल आत राहतं आणि मग धूळ बसून बसून चिखल होतो. वरचं रबर तर फक्त साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसायचं.

बाकी पर्याय पण वापरले म्हणून थोडक्यात. सेगा मेगा ड्राइव्ह या दुसऱ्या एका जुन्या गेम मशीनचा तीन बटणांचा पॅड अटारीला सरळ लागतो, बी बटण फायर होतं, आणि खरं बोलायचं तर रिव्हर रेडसारखा (नदीवरून विमान उडवायचा) गेम तासभर खेळायचा असेल तर मी हाच घेतो, हात दुखत नाही. पण मजा नाही येत राव, कॅल्क्युलेटर दाबून राहिलो असं वाटतं. (कमोडोर ६४ हा जुना कॉम्प्युटर असेल कोणाकडे तर त्याला मात्र हा पॅड असाच लावू नका.) अटारीनं २०२३ला २६००+ हे नवं मशीन काढलं त्यासोबतची सीएक्स-४०+ धरमपेठच्या मित्राकडे एक रविवार खेळलो, तर्री पोह्याच्या हातानं खेळल्याबद्दल शिव्या खाल्ल्या, पण जॉयस्टिक चांगली वाटली, जुन्या मशीनला पण लागते. जुनी मिळत नसेल तर हीच घ्या. बिननावाच्या स्वस्त कॉप्या येतात त्यातली एक घेतली होती, दांडा मधोमध परत येतच नव्हता, आणि उघडायला गेलो तर अर्धं चिकटवलेलं, शेवटी कचऱ्यात.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझा लहान भाऊ डावखुरा आहे, त्याला दांडा डाव्या हातात पाहिजे आणि बटण उजव्या अंगठ्याखाली. वायरी क्लिपच्या असल्यामुळे एक जॉयस्टिक मी पाव वळसा फिरवली, म्हणजे बटण उजव्या कोपऱ्यात आलं, आणि आत दिशांच्या चारही वायरी एकेक घर सरकवून दिल्या. पंधरा मिनिटांचं काम, खर्च शून्य. आता कुठल्या नवीन पॅडमध्ये असं करून दाखवा. खाली पांढऱ्या पेंटनं "छोटू" लिहून ठेवलंय, तरी मागच्या दिवाळीत भाचा आला आणि तीच घेऊन बसला, दहा मिनिटं विमान नदीच्या काठावर आपटत होता. मला म्हणे मामा हे तं खराब होऊन राहिलं. मी दुसरी काढून दिली.