खिडकीला दुहेरी काच की तिहेरी? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी तुलना

नवं घर बांधताना खिडक्यांचं कोटेशन मागवलं की आता त्यात तीन प्रकार दिसतात: साधी एकेरी काच, डबल ग्लेझ (मध्ये पोकळी ठेवून सील केलेल्या दोन काचा) आणि ट्रिपल ग्लेझ (तशाच तीन). भाव पायरीपायरीने चढतो, त्यामुळे गुणही तसाच चढत असणार असं वाटतं. बेळगावच्या हवेत तसं होत नाही. एकेरीवरून दुहेरीवर गेल्याने काही खोल्यांत खरोखर फरक पडतो. दुहेरीवरून तिहेरीवर गेल्याने इथल्या घरात जवळजवळ काहीच हाती लागत नाही. तोच पैसा चौकट, रबर आणि योग्य जातीच्या काचेत घातला तर दसपट समाधान मिळतं.

तिहेरी काच ज्या देशांतून आली तिथे हिवाळ्यात बाहेर उणे दहा आणि आत वीस अंश असतात. खोली महिनोन्महिने बंद, हीटर चालू. तिथे खिडकीतून जाणारी उष्णता म्हणजे रोजचा खर्च. सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्वेटर लागतो, हीटर लागत नाही. एप्रिलमध्ये दुपारी पारा पस्तीसच्या आसपास जातो, पण संध्याकाळी वारा सुटला की लोक खिडक्या उघडतात. उघड्या खिडकीला काचा किती, याला अर्थ उरत नाही.

४ फूट बाय ४ फुटांची, म्हणजे साधारण दीड चौरस मीटरची खिडकी धरून आकडे असे येतात:

| काच | यू-व्हॅल्यू | उन्हातली किती उष्णता आत येते | काचेचं वजन |
|---|---|---|---|
| एकेरी ५ मिमी | ५.८ | सुमारे ८३ टक्के | १९ किलो |
| दुहेरी ५-१२-५, साधी | २.८ | सुमारे ७३ टक्के | ३७ किलो |
| तिहेरी ५-१२-५-१२-५, साधी | १.९ | सुमारे ६२ टक्के | ५६ किलो |
| दुहेरी, सोलर कंट्रोल लेप | १.७ ते १.८ | २५ ते ४० टक्के | ३७ किलो |

५-१२-५ म्हणजे ५ मिमी काच, मध्ये १२ मिमी पोकळी, पुन्हा ५ मिमी काच. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता पलीकडे जाते तो आकडा. जितका कमी तितका चांगला. सोलर कंट्रोल लेप म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारा, काचेवरचा अतिशय पातळ थर.

आता एसी लावलेली खोली घेऊ. बाहेर ३६, आत २६, फरक १० अंश. एकेरी काचेतून साधारण ८७ वॅट आत येतात, दुहेरीतून ४२, तिहेरीतून २८. दुहेरी आणि तिहेरीतला फरक १४ वॅटचा, म्हणजे एका एलईडी ट्यूबपेक्षाही कमी. पण हीच खिडकी पश्चिमेला असेल आणि चार-साडेचारचं तिरकं ऊन थेट काचेवर पडत असेल, तर दर चौरस मीटरला सहज ६०० वॅट येऊन आदळतात. दीड चौरस मीटरवर ९००. त्यातले साध्या तिहेरी काचेतून साडेपाचशेहून जास्त आत येतात. सोलर कंट्रोल लेपाच्या दुहेरी काचेतून ३५ टक्के धरले तरी ३१५. उन्हाशी लढाई लेपाने जिंकता येते, काचांची संख्या वाढवून नाही. बाहेरून बांबूची चिक सोडली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, आणि हा उपाय एकेरी काचेलाही चालतो. पश्चिमेच्या उन्हाला दीड फुटाचा छज्जा मात्र पुरत नाही, कारण सूर्य तोवर छज्ज्याच्या खाली उतरलेला असतो.

लेप कुठल्या बाजूला आहे हे पाहणं तितकंच महत्त्वाचं. सोलर कंट्रोल लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला, म्हणजे पोकळीकडे तोंड करून असायला हवा. फिटरने पॅनेल उलटं बसवलं तर लेप आतल्या काचेवर येतो, ती काच तापते आणि उष्णता खोलीत सोडते. पैसे लेपाचे गेले आणि काम अर्धंच झालं.

आवाज

आपल्याकडे दुहेरी काच मागण्याचं खरं कारण बहुतेकदा आवाज असतो. टिळकवाडीत रेल्वे गेटांच्या आजूबाजूची घरं, निपाणी-संकेश्वर पट्ट्यात राष्ट्रीय महामार्ग ४८ च्या कडेची घरं, वडगाव-शहापुरात यंत्रमागाला भिंत लागून असलेल्या खोल्या. इथेच तिहेरी काचेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे.

एकसारख्या जाडीच्या काचा एकाच सुराला थरथरतात, त्यामुळे तो सूर एकीतून दुसरीत सरळ निघून जातो. ५-१२-५ ची दुहेरी काच एकेरीपेक्षा फारतर दोन-तीन डेसिबल जास्त आवाज अडवते. तिला तिसरी तशीच काच जोडली तर आणखी एखाद-दुसरा डेसिबल मिळतो. कानाला तो कळतही नाही. त्याऐवजी जाडी वेगवेगळी ठेवा आणि एक काच लॅमिनेटेड घ्या: बाहेर ६ मिमी, १२ मिमी पोकळी, आत ८.७६ मिमी लॅमिनेटेड, म्हणजे ४ अधिक ४ मिमी आणि मध्ये ०.७६ मिमीचा चिवट पडदा. हा संच ३७ ते ३९ डेसिबलपर्यंत जातो, तर साधी ५ मिमी काच ३० च्या आसपास थांबते. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. मागाचा खटखटाट आणि ट्रकची घरघर यांत जड, खालच्या पट्टीतला भाग बराच असतो, तिथे हा फायदा थोडा कमी मिळतो हेही ध्यानात ठेवा.

पण काचेच्या आधी फट. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी उघडा राहिला, तर काच कितीही भारी असो, खिडकी वीसेक डेसिबलच्या वर जात नाही. आपल्याकडे सर्रास बसणारी, मच्छरजाळीसह तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी ब्रशच्या पट्टीवर टेकलेली असते. तिच्यातून हवा खेळते, म्हणजे आवाजही खेळतो. आवाजासाठी खिडकी बाहेर उघडणारी, सगळीकडून रबरावर दाबून बसणारी आणि तीन-चार ठिकाणी लॉक होणारी हवी. स्लायडिंगमध्ये तिहेरी काच घालणं म्हणजे दार उघडं ठेवून कडी भक्कम करणं.

जुन्या शहापुरातल्या जाड दगडी भिंतींच्या घरांना याहून चांगला उपाय आहे. मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या कडेला दुसरी बसवा. दोन काचांत १०० मिमी किंवा त्याहून जास्त अंतर मिळतं, आणि आवाजाला हे मोठं अंतर १२ मिमीच्या कुठल्याही पोकळीपेक्षा भारी पडतं. ९ इंची विटेच्या भिंतीतही हे बसतं. सागाची जुनी चौकटही वाचते, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

पाऊस आणि वजन

कणकुंबी-जांबोटीकडे, आणि कमी प्रमाणात बेळगावातही, जून ते ऑगस्ट झड पश्चिमेकडून येते. दुहेरी काचेचं आयुष्य तिच्या कडेच्या सीलवर असतं: स्पेसरला, म्हणजे दोन काचांत कडेने अंतर राखणाऱ्या पोकळ पट्टीला, दोन्ही बाजूंनी ब्युटिलची (चिकट रबरासारखी) पट्टी, बाहेरून सिलिकॉन किंवा पॉलिसल्फाइड, आणि स्पेसरच्या पोटात ओल शोषणारे दाणे. हे सील पाण्यात बुडून राहिलं की हळूहळू सुटतं, दाणे भरतात आणि पोकळीत धुकं धरतं. आतून पुसता येत नाही, बाहेरून पुसून जात नाही. पॅनेल बदलणं हाच इलाज. तिहेरीत पोकळ्या दोन, सीलही दुप्पट, म्हणजे बिघडायच्या जागा दुप्पट.

म्हणून काच चौकटीत थेट टेकवायची नाही. खालून दोन्ही टोकांपासून पाव रुंदीवर एकेक कडक रबराचा ठोकळा, असे दोन ठेवायचे, म्हणजे खालून पाणी वाहतं. चौकटीच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मृगाच्या आधी तारेने साफ करा. वडगावात त्यांत मागाची तूस अडकते, खानापूरकडे लाल माती. खिडकीखालची ग्रॅनाइटची पट्टी बाहेर उतरती हवी. आत उतरती बसली तर पाणी थेट सीलपाशी साचतं, आणि दोष काचेला दिला जातो. फटी भरायला न्यूट्रल सिलिकॉन मागा. ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो ते स्वस्त सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या कडा आणि ब्युटिल दोन्ही खातं.

तिहेरी पॅनेलची जाडी ३९ मिमी भरते. इथे मिळणारे बहुतेक यूपीव्हीसी आणि ॲल्युमिनियम सेक्शन २० ते २४ मिमीपर्यंतच घेतात. तेव्हा तिहेरीसाठी सेक्शन वेगळा, बिजागरी जड, आणि ५६ किलोची काच दुसऱ्या मजल्यावर चढवायला माणसं जास्त. पुढे एक फुटली तर बदली पॅनेल बाहेरून बनवून येईपर्यंत खिडकीला प्लायवूड.

उंचीचीही एक भानगड आहे, ती विक्रेते क्वचितच सांगतात. पॅनेल समुद्रसपाटीजवळच्या कारखान्यात सील झालं आणि घाट चढून इथे आलं, तर बाहेरचा हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी झालेला असतो. आत कोंडलेली हवा काचांना बाहेर ढकलते. मोठी काच थोडी फुगून ते सोसते. बाथरूमच्या झरोक्यासारखी छोटी काच वाकू शकत नाही, त्यामुळे ताण सीलवर आणि कडेवर येतो. तिहेरीत दोन्ही पोकळ्यांची हवा मिळून हा ताण वाढवते. घाटावरच, इथल्यासारख्याच उंचीवर तयार झालेलं पॅनेल घेतलं तर प्रश्न जवळजवळ मिटतो. ऑर्डर देताना ‘सील कुठे होणार’ हे विचाराच.

कुठे काय घ्यावं

अथणी, रायबाग, चिकोडीकडे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. तिथे पश्चिम आणि दक्षिणेच्या एसी खोल्यांना सोलर कंट्रोल दुहेरी, बाकीला एकेरी. बेळगाव शहरात रस्ता, रेल्वे किंवा मागाकडच्या झोपायच्या खोल्यांना लॅमिनेटेड असलेली दुहेरी, तीही उघडणाऱ्या चौकटीत. उत्तर-पूर्वेच्या शांत खोल्यांना ५ किंवा ६ मिमी एकेरी टफन (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच आणि चांगलं रबर पुरतं. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात आधीच उजेड कमी. तिथे गडद टिंट टाळा आणि खर्च चौकटीच्या पाणीरोधावर करा. तिहेरी काच घ्यावी असं इथलं एकही राहतं घर आमच्या डोळ्यांसमोर येत नाही.

माप गिलावा आणि ग्रॅनाइट झाल्यावरच घ्या: रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सर्वांत लहान मापातून १० मिमी वजा करा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी सुटतात. टफन काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, तेव्हा माप चुकलं की काच गेली.

माल आला की अंधारात मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरा. प्रत्येक काचेची दोन प्रतिबिंबं दिसतात: एकेरीला दोन, दुहेरीला चार, तिहेरीला सहा. ज्या पृष्ठभागावर लेप आहे त्याचं प्रतिबिंब इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचं दिसतं. बाहेरून मोजत आलं तर ते दुसरं असायला हवं. तिसरं निघालं तर पॅनेल उलटं आहे. फिटर गावात असतानाच फिरवून घ्या. पोकळीत धुकं धरल्यास पॅनेल किती वर्षांपर्यंत बदलून मिळेल, आणि काढण्या-बसवण्याची मजुरी कोण देणार, हे दोन्ही बिलावर लिहून घ्या.