स्विफ्टला 165/80 ऐवजी 185/70 आर14: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव, आणि स्टेपनीचं प्रकरण

आधी मुद्द्याचं सांगतो. टायरची साइज बदलणार असाल तर चार नाही, पाच टायर घ्या. दुकानदार काहीही सांगो.

गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, स्टीलच्या रिम, कंपनीची साइज 165/80 आर14 (रुंदी 165 मिमी, उंची रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंच). मी कराडला, सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे कुंभार्ली घाट बारमाही. 2025 च्या मे महिन्यात पाटणच्या पुढे खड्ड्यात पुढचा डावा टायर साइडने फाटला. साइड फाटली की पंक्चरवाला हात लावत नाही. बाकीचे तीनही संपतच आले होते, टायर संपल्याचं दाखवणाऱ्या, खाचेतल्या 1.6 मिमीच्या खुणेला नक्षी टेकायची तेवढी बाकी होती. म्हणून सगळेच काढले.

स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला, झेडएक्सआयला येणारी 185/65 आर15 साइज घ्यायची तर रिम बदलाव्या लागतात. तो खर्च मला करायचाच नव्हता. 185/70 आर14 आहे त्याच रिमवर बसते. जुन्या टायरची उभी उंची 165 च्या 80 टक्के, म्हणजे 132 मिमी; नव्याची 185 च्या 70 टक्के, म्हणजे 129.5. रिमचे 14 इंच धरून व्यास 619.6 वरून 614.6 मिमीवर येतो, एक टक्कासुद्धा फरक नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 85 चा 88 झाला, म्हणजे एका टायरला 515 किलोऐवजी 560 किलो. त्यामुळे हवा जास्त भरायची गरज नाही, दाराच्या स्टिकरवर आहे तेवढीच ठेवतो. पंपावरची पोरं न विचारता 35 मारतात, तिथे उभं राहून सांगावं लागतं.

पहिले काही आठवडे मी नाराज होतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग जड लागायला लागलं, ते सवयीचं झालं. ॲव्हरेजचं मात्र झालं नाही. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब मी पहिल्यापासून वहीत ठेवतो, त्यात लिटरमागे जवळपास एक किलोमीटर गेला. त्यातही टायरचा घेर किंचित लहान असल्याने मीटर जरा जास्तच किलोमीटर दाखवतो. मीटरवर 100 झाले की प्रत्यक्षात सव्वानव्याण्णवच्या आसपास. म्हणजे खरी घट वहीतल्यापेक्षा थोडी जास्तच. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर कंपनीचीच साइज परत घ्या, असं मी सांगितलं असतं.

जुलैमध्ये मत बदललं. हेळवाक सोडून घाट उतरायला लागलं की वळणांवर लाल चिखलाचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं, त्यात ट्रकचं सांडलेलं ऑइल. समोरून एसटी वळण घेत वर येते आणि आपल्याला जिथे ब्रेक मारायचा नाही नेमका तिथेच मारावा लागतो. पूर्वी अशा वेळी पेडलखाली एबीएसची (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेची) खडखड हमखास लागायची आणि गाडी हातभर पुढे जायची. आता तेवढाच ब्रेक मारला तर गाडी जागच्या जागी बसते. यात नव्या नक्षीचा आणि चांगल्या रबराचा वाटा किती आणि रुंदीचा किती, हे वेगळं काढून सांगता येणार नाही. पण बायको आणि मुलगी गाडीत असताना तो एक किलोमीटर मला जड वाटत नाही.

उलटी बाजूही आहे. पोफळीच्या खाली सपाट रस्त्यावर पाणी साचतं, तिथे रुंद टायर अरुंदपेक्षा लवकर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं झालं की समजायचं. अशा ठिकाणी मी साठच्या खाली येतो.

आता स्टेपनी. मी पहिल्याच दिवशी पाच टायर मागितले होते. दुकानदार म्हणाला, "दादा, स्टेपनी कोरीच आहे तुमची. व्यास तोच आहे, कशाला पैसे घालवता?" व्यासाचं खरं आहे, पण पुढच्या एका बाजूला 165 आणि दुसऱ्या बाजूला 185 लावून ओल्या घाटात ब्रेक मारला तर दोन्ही चाकं सारखी धरणार नाहीत, गाडी एका अंगाला ओढणार. शिवाय माझी स्टेपनी 2019 ची. डिकीत पडून राहिलं तरी रबर कडक होतंच. आणि घाटात रात्री चाक बदललं की त्याच स्टेपनीवर चिपळूण गाठायचं असतं, दोन किलोमीटरवर दुकान नसतं.

त्याच्याकडे त्या साइजचे चारच शिल्लक होते. पाचव्याचा ॲडव्हान्स दिला, पावती घेतली. "पुढच्या आठवड्यात" करत करत सगळा पावसाळा गेला. टायर आला ऑक्टोबरमध्ये, आणि बिल केलं मे महिन्याच्या भावाने, 5,120 रुपये. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. मूळ 4,000 वर 18 टक्के म्हणजे 4,720. चारशे रुपये कशाचे? हे त्याच्यासमोर कागदावर मांडलं तेव्हा बिल बदललं.

तेवढ्यावर संपलं नाही. टायरच्या साइडवर कोरलेल्या डॉट नंबरच्या शेवटी टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बऱ्याच टायरवर ते एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू खाली करून टायर ठेवलेला होता. उलटा केला, मोबाइलचा टॉर्च मारला, धूळ पुसली: 3423. म्हणजे ऑगस्ट 2023 चा. माझे चारही 2025 चे. "वापरलेला थोडीच आहे, नवाच आहे," असं त्याचं म्हणणं. नव्याचे पैसे घेताय तर दोन वर्षं गोदामात पडलेला माल माझ्या गळ्यात का? मी टायर घेतला नाही, बिलही फाडायला लावलं. पुढच्या आठवड्यात 2925 आला, तो घेतला. जे काम मे महिन्यात अर्ध्या तासात झालं असतं त्यासाठी सहा महिने हेलपाटे, याचा राग अजून गेलेला नाही.

डिकीतला मॅट आता थोडा वर उचलून राहतो, टायर 20 मिमी जास्त रुंद आहे ना. बॅगा बसतात, तक्रार नाही.

पाचही सारखे झाल्याने आता रोटेशनमध्ये, म्हणजे टायरच्या जागा आलटून पालटून बदलताना, स्टेपनीही घेतो. पुढच्या चाकांवर इंजिन आणि स्टिअरिंगचा भार असल्याने ती आधी झिजतात, पाचवा फिरत राहिला की झीज पाच जणांत वाटली जाते. मला घाटामुळे आठ हजार किलोमीटरला फिरवायला सांगितलंय. पहिलं रोटेशन दुसऱ्या दुकानात केलं. तिथल्या पोराने पाचव्याच्या बॅलन्सिंगचे वेगळे पैसे सांगितले, ते मी न घासाघीस करता दिले.