वर्गासाठी प्लगचा वॅटमीटर: किटलीला उत्तम, चार्जरला कुचकामी

सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये खोचायचा हा मीटर व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि युनिट (एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६०० किलोज्यूल) दाखवतो. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक त्याच्यावर डोळ्यांनी दिसतो: किटली चालू असताना वॅटचा आकडा जवळपास स्थिर, युनिटचा मात्र चढता. ‘ताशी १५०० वॅट’ म्हणणाऱ्या मुलांना आधी हेच दाखवावं.

खरा प्रयोग किटलीचाच. १ लिटर पाणी २५ वरून ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. उकळी येऊ देऊ नये, वाफ झाली की हिशेब फिसकटतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणून पाण्याने घेतलेली ऊर्जा ४.२ × ६० = २५२ किलोज्यूल. मीटरवर १३१० वॅट आणि घड्याळात २१८ सेकंद आले, तर दिलेली ऊर्जा सुमारे २८६ किलोज्यूल. कार्यक्षमता ८८ टक्के. बटण बंद केल्यावर पाणी ढवळून सर्वांत वरचं तापमान घ्यावं, कारण तळ थोडा वेळ उष्णता सोडत राहतो.

इथे युनिटचा आकडा वापरू नका. २८६ किलोज्यूल म्हणजे ०.०७९ युनिट. दोनच दशांश स्थळं दाखवणारा मीटर पुढचं तोडून ०.०७ दाखवतो, म्हणजे नेमके २५२ किलोज्यूल, आणि किटली शंभर टक्के कार्यक्षम ठरते! वॅट गुणिले सेकंद हाच भरवशाचा मार्ग.

किटलीवर १५०० छापलेलं आणि मीटरवर १३१०? मीटरला दोष देण्याआधी व्होल्ट वाचा. २३० ऐवजी २१५ असतील, तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. उदाहरण आयतंच मिळालं.

९ वॅटचा एलईडी दिवा मात्र शेवटी ठेवा. २१५ व्होल्ट × ०.०७ अँपिअर = १५, मीटर म्हणतो ९ वॅट, आणि वर्गात गोंधळ. त्याचं कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि व्होल्ट गुणिले अँपिअर यांचं गुणोत्तर; इथे ते एकाहून कमी. प्रत्यावर्ती धारेत नुसतं व्होल्ट गुणिले अँपिअर हीटर आणि तारेच्या बल्बलाच चालतं. रिकामा चार्जर तर ०.० दाखवतो, तो वीज घेत नाही असं नव्हे, इतकी कमी शक्ती स्वस्त मीटरला पकडता येत नाही.

यांत्रिक कार्याशी सांगड मीटर घालून देत नाही, ती फळ्यावरच. ४५ किलोचा मुलगा ३ मीटर जिना चढला की सुमारे १३२३ ज्यूल. एका युनिटसाठी २७०० हून अधिक चढाया.

पडदा बारीक आहे. मीटर एक्स्टेंशन बोर्डावर लावून टेबलावर ठेवा, नाहीतर मागच्या बाकांना काहीच दिसत नाही.